जुन्या पिकअपचे पुढचे बॉल जॉइंट घरी बदलायचेत, खालचा प्रेस-फिट आहे, कसं करू?

पिकअपवाला_२२:
नमस्कार मंडळी. माझी पिकअप २२ वर्षांची आहे, मागच्या चाकांवर चालणारी, पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर आणि खाली एकेक आर्म) आणि टॉर्शन बार (स्प्रिंगच्या जागी पीळ घेणारी सळई). दोनेक महिने झाले, पुढून डावीकडून आवाज येतोय. गतिरोधकावरून हळू उतरलं की एकदाच 'टक्' होतं आणि गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं की कोरडं कुरकुरतं. मोकळ्या रस्त्यावर सरळ चालत नाही, सारखं सावरत राहावं लागतं, वळण घेतल्यावर स्टिअरिंग स्वतःहून मागे यायचं ते आता अर्ध्यावरच थांबतं. डावा टायर आतल्या कडेने जास्त खाल्लाय.

काल चेसिसखाली जॅक लावून पुढचा भाग उचलला आणि चाक वर-खाली धरून हलवून बघितलं तर फारसं काही जाणवलं नाही. पण खालच्या बॉल जॉइंटचं (आर्म आणि चाक जोडणारा गोळी-वाटीचा सांधा) रबर बूट फाटलंय, आतलं ग्रीस वाळून काळी भुकटी झालीय आणि ती बोटावर घेतली तर त्यात लालसर गंज दिसतो. वरच्या जॉइंटचं बूट शाबूत आहे.

आता प्रश्न असा की चाकात प्ले (ढिलेपणा) नाही म्हणजे जॉइंट ठीक आहे असं धरायचं का, आणि बदलायचाच असेल तर घरी जमेल का. ब्रेक पॅड, शॉक अब्सॉर्बर, टाय रॉड एन्ड हे मी घरीच बदललेत. सॉकेट सेट, टॉर्क रेंच, दोन घोड्या (जॅक स्टँड), मोठा हातोडा आहे. वरचा जॉइंट ४ बोल्टवर आहे पण खालचा आर्ममध्ये दाबून बसवलेला दिसतोय, वर सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) आहे, आणि तिथेच माझं घोडं अडलंय. एकच बदलू की चारही?

ग्रीस_निप्पल:
प्ले जाणवला नाही कारण जॅक चुकीच्या जागी लावलात. ही चूक खूप जण करतात आणि मग जॉइंट चांगला आहे म्हणून तशीच गाडी चालवत राहतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या गाडीत टॉर्शन बार खालच्या आर्मला जोडलेला आहे, म्हणजे गाडीचं वजन खालचा बॉल जॉइंट उचलतो, वरचा फक्त चाक उभं धरायला आहे. चेसिसखाली जॅक लावून उचललं की चाक लोंबकळतं, पण टॉर्शन बार खालच्या आर्मला खाली रेटतच असतो आणि वरचा आर्म त्याच्या रबरी स्टॉपला टेकतो. त्या रेट्यात दोन्ही जॉइंट ताणून घट्ट बसतात, आत कितीही झीज असू दे, हाताने हलणार नाही. म्हणून जॅक खालच्या आर्मखाली लावायचा, जॉइंटच्या जितका जवळ जाईल तितका, आणि चाक जमिनीपासून दोन-तीन बोटं वर उचलायचं. आता स्प्रिंगचा जोर जॅकवर आला, जॉइंट मोकळा झाला. मग टायरखाली पहार घालून वर उचकटायचं आणि दुसऱ्या माणसाने जॉइंटकडे टॉर्च मारून बघायचं की नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि आर्ममधलं अंतर बदलतंय का. डोळ्याला दिसण्याइतकं बदललं तर बहुतेक जॉइंट गेलेलाच असतो. तुमच्या मॉडेलला किती प्ले चालतो ते मॅन्युअलमध्ये मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं, डायल गेज असेल तर मोजूनच घ्या.

ज्या गाड्यांत स्प्रिंग वरच्या आर्मवर बसते तिथे हे बरोबर उलटं असतं, तिथे वजन वरच्या जॉइंटवर येतं आणि तपासायची रीत पण बदलते, हे दुसरं कोणी वाचत असेल तर लक्षात ठेवा.

अजून एक. घड्याळाच्या १२ आणि ६ च्या जागी धरून चाक हललं तर ते बेअरिंगमुळे पण असू शकतं. कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गायब झाला तर बेअरिंग ढिलं आहे, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. ३ आणि ९ च्या जागी हलत असेल तर आधी टाय रॉड एन्ड आणि आयडलर आर्म (स्टिअरिंगच्या दांड्याला आधार देणारा) बघा. काही जॉइंटना खाली झीज दाखवणारा उंचवटा असतो, ग्रीस निप्पल ज्यात बसतं तोच, नवा असताना साधारण सव्वा मिलिमीटर बाहेर असतो आणि आत जाऊन सपाट झाला की जॉइंट बदलायचा. तो मात्र गाडी चाकांवर उभी असताना बघायचा, उचलून नाही.

पाना_१७_१९:
वरचं सगळं बरोबर आहे, मी फक्त वेळेचं सांगतो. तुमच्या वर्णनावरून जॉइंटचा खुंट (गोळीला जोडलेला दांडा) खालून वर नकलमध्ये जातोय. म्हणजे नकल वर आणि आर्म खाली, गाडीचं वजन आर्मला खाली ढकलतं आणि नकल त्या खुंटाला वर ओढतं. ह्यात गोळी सतत वाटीतून बाहेर ओढली जात असते. ज्या रचनेत खुंट खाली असतो तिथे वजनाने गोळी वाटीत दाबली जाते, ते जॉइंट झिजले तरी बराच काळ तग धरतात. तुमच्यासारख्यात वाटीची कड झिजली की एक दिवस गोळी निसटते.

माझी निसटलीय. जुनी गाडी होती, बूट फाटलेलं मला माहीत होतं आणि पुढच्या महिन्यात करू म्हणत होतो. फाटकातून बाहेर पडून पूर्ण वळण घेत होतो, वेग माणूस चालतो तेवढाच, एकदम मोठा आवाज झाला आणि गाडी कोपऱ्यावर बसली. चाक मडगार्डखाली आडवं झालं होतं, ब्रेकचा होज ताणून तुटला होता आणि ऑइल रस्त्यावर सांडत होतं. जॉइंटची वाटी हातात घेऊन बघितली, कड एका बाजूला वस्तऱ्यासारखी पातळ झालेली. अर्ध्या तासाने मी मोकळ्या रस्त्यावर ८० च्या वेगात असणार होतो आणि गाडीत घरची माणसं होती. त्यामुळे कळकळीने सांगतो, लाल भुकटी दिसतेय म्हणजे आत पाणी जाऊन धातू धातूवर घासतोय, काम होईपर्यंत गाडी बाहेर काढू नका.

पिकअपवाला_२२:
आज सांगितल्याप्रमाणे आर्मखाली जॅक लावून बघितलं. बायको पहार दाबत होती आणि मी खाली वाकून बघत होतो. डावा खालचा जॉइंट स्पष्ट वर-खाली होतोय, डायल गेज नाही पण व्हर्नियरने दोन्ही स्थितीत अंतर मोजलं तर जवळजवळ ३ मिमीचा फरक. ब्रेक दाबला तरी तेवढाच. उजवीकडचा साधारण १ मिमी. वरचे दोन्ही घट्ट, पण इतकी वर्षं झालीत म्हणून चारही मागवतोय. गाडी उभी करून ठेवलीय, चावी पण आत ठेवून दिली.

आता कोणीतरी क्रम सांगा. आणि टॉर्शन बार सोडवायचा की नुसता जॅक पुरेल?

आटेदार:
मी सांगतो, पण आधी तुमच्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा, टॉर्कचे आकडे त्यातलेच घ्यायचे, इथे कोणी सांगितलेले नाही. खुंटाच्या नटाचा वेगळा, वरच्या जॉइंटच्या ४ बोल्टचा वेगळा, आणि वरचा खालचा सारखा नसतो.

टॉर्शन बारबद्दल. वरचाच जॉइंट बदलायचा असता तर आर्मखाली जॅक पुरला असता. तुम्हाला खालचा प्रेसने काढायचाय, म्हणजे सी-प्रेस (C आकाराचा, स्क्रूने दाबणारा) आर्मच्या वरून आणि खालून बसवायला जागा पाहिजे आणि जॅक नेमका तिथेच येतो. म्हणून बारचा ताण उतरवा. मागे ॲडजस्टर बोल्ट असतो, तो सोडवायच्या आधी बाहेर किती लांबी दिसतेय ते व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा, शिवाय बार आणि त्याच्या 'की'वर (बारच्या टोकाला बसणारा लीव्हर) पेंटने खूण करा, छिन्नीने नाही. डावा आणि उजवा बार वेगळे असतात, टोकाला अक्षर कोरलेलं असतं, दोन्ही बाहेर काढलेत तर अदलाबदल करू नका. काही गाड्यांत बोल्ट लांब असतो आणि नुसता सोडवत गेलं की ताण उतरतो, काहींत त्या 'की'ला वेगळा पुलर लावावा लागतो, त्याशिवाय तो बोल्ट काढायचाच नाही. ताण असलेला बार किंवा कॉइल स्प्रिंग सुटली तर जवळच्या माणसाचं काय होईल ते सांगायला नको. ह्या सगळ्या कामात सगळ्यात जीवघेणी गोष्ट हीच आहे. 

आदल्या दिवशी सगळ्या नट-बोल्टना गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा, सकाळी परत एकदा. सपाट टणक जागा, मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे, हँडब्रेक. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग चेसिसखाली घोड्या, आणि घोडीवर गाडी टेकल्यावर बाजूने जोरात हलवून बघा. जी हलेल ती आत्ताच हलू दे, तुम्ही खाली असताना नको. चाक काढलं की ते चेसिसखाली आडवं सारून ठेवायचं, घोडी घसरली तरी गाडी त्यावर बसेल.

ब्रेकचा कॅलिपर काढून तारेने वर टांगा, होजवर लोंबकळू देऊ नका. एबीएसची वायर असेल तर क्लिपमधून मोकळी करा. टाय रॉड एन्ड नकलपासून सोडवा. आता खालच्या आर्मखाली जॅक लावा, बारचा ताण उतरवलेला असला तरी लावाच. दोन्ही खुंटांच्या स्प्लिट पिना काढा, मुकुटासारखे खाचा असलेले नट तीन-चार आटे सैल करा, पूर्ण काढू नका. टेपर (खुंटाचा नकलमध्ये रुतलेला निमुळता भाग) सुटताना आर्म झटका मारतो आणि नट असेल तर तो तिथेच अडतो.

टेपर सोडवायला खुंटाच्या टोकावर अजिबात मारू नका, आटे दबले की नट निघता निघत नाही. नकलच्या ज्या कानात खुंट बसलाय त्या कानाच्या बाजूवर मारायचं, पलीकडे दुसरा जड हातोडा टेकवून. कान क्षणभर दबून लांबट होतो आणि टेपर उडतो. चार-सहा घणाघाती फटके लागतील, हळू हळू ५० मारण्यापेक्षा चार जोरात मारलेले बरे. डोळ्यांवर चष्मा पाहिजेच, हातोड्याची कपची उडते.

मग नट काढा, जॅक हळूहळू खाली घ्या, नकल बाजूला. खालच्या जॉइंटची सर्क्लिप काढल्याशिवाय प्रेस लावू नका, हे विसरून लोक आर्म वाकवतात. तुमच्या जॉइंटला सर्क्लिप वर आहे म्हणजे कॉलर खाली असणार, त्यामुळे तो खालीच निघेल आणि नवा खालूनच वर जाईल. गाडीचं वजन त्याला वरच ओढतं म्हणून तो तसा बसवलाय, कॉलर आर्मला टेकून राहते. तरी हाताने चाचपून कॉलर कुठे आहे ती बघाच, उलट्या दिशेने दाबत बसलात तर प्रेसचा स्क्रू तुटेल.

प्रेसच्या स्क्रूला आधी भरपूर ग्रीस. नवा बसवताना प्रेसचा कप असा निवडा की तो जॉइंटच्या बाहेरच्या कॉलरवरच दाबेल. मध्यभागी दाबलं तर खालची पत्र्याची झाकणी आत जाते आणि नवा जॉइंट लावायच्या आधीच बाद. सुरुवात सरळ होतेय ना हे दर अर्ध्या फेरीला चारी बाजूंनी बघा. तिरका चालला तर लगेच मागे घ्या.

हौदा_भरून:
आटेदार दादांनी बरंचसं सांगितलंय. मी प्रेसबद्दल दोन-चार गोष्टी जोडतो कारण माझं सगळं आयुष्य प्रेस-फिट जॉइंट काढण्यात गेलंय, माझ्या गाडीला पुढे अख्खा सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा) आहे आणि तिथे दोन्ही जॉइंट नकलमध्ये दाबलेले असतात.

जुना जॉइंट हलत नसेल तर प्रेस पूर्ण ताणा आणि मग आर्मच्या त्या भोकाभोवतीच्या जाड भागावर बाजूने हातोड्याचे दोन फटके द्या. बंदुकीसारखा आवाज येतो आणि जॉइंट सरकतो. दचकू नका, पण प्रेसच्या रेषेत तोंड ठेवू नका. गॅसची ज्योत लावू नका. आत अडकलेलं ग्रीस तापून वाफ होते आणि झाकणी गोळीसारखी उडते, शिवाय आर्मचं पोलाद तापवून त्याचं बळ जातं, ते दिसत नाही पण पुढे कधीतरी तिथूनच चीर जाते. नकल ॲल्युमिनियमचं असेल तर विषयच नाही.

भोक तारेच्या ब्रशने आणि बारीक पॉलिश पेपरने साफ करा, गंज जाईल इतकंच, धातू खरवडायचा नाही. नवा जॉइंट पिशवीत बांधून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. ४५ मिमीचा जॉइंट खोलीतून फ्रीझरमध्ये गेल्यावर दोन-अडीच शतांश मिलिमीटरच आकसतो, ऐकायला काहीच वाटत नाही पण असल्या फिटमध्ये तेवढ्याने सुरुवात सरळ होते.

आणि हे नीट वाचा. नवा जॉइंट हाताने किंवा हलक्या टोल्याने आत गेला तर आनंद मानू नका. भोक मोठं झालंय, आर्म बाद. काही जण तिथे वेल्डिंगचे चार टाके मारून देतात, मला पण एका गॅरेजमध्ये तसं करून दिलं होतं. वेल्डिंगच्या उष्णतेने आतलं प्लॅस्टिकचं अस्तर वितळलं आणि तीन महिन्यांत नवा जॉइंट खडखडायला लागला, वर आर्म पण कायमचा वाया गेला. जॉइंट सैल गेला की आर्मच बदला.

सॉलिड ॲक्सलवाल्यांसाठी, काही ॲक्सलमध्ये वरच्या खुंटाभोवती आटे असलेली बाही असते आणि नट आवळायचा क्रम ठरलेला असतो, आधी खालचा थोडा, मग बाही, मग वरचा, मग खालचा पूर्ण. क्रम चुकला की स्टिअरिंग जड होतं.

ग्रीस_निप्पल:
टेपर सोडवायला फोर्कचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. दोन दात्यांचा तो फोर्क हातोड्याने आत ठोकला की टेपर पटकन सुटतो, जॉइंट टाकूनच द्यायचाय तर वापरायला हरकत नाही. पण टाय रॉड एन्ड परत वापरायचाय ना, तिथे लावू नका, त्याचं बूट हमखास फाटेल.

आटेदार:
खालच्या जॉइंटला फोर्क चालेल, मान्य. मी तरी कानावरच मारतो, कारण फोर्क नकलच्या खालच्या तोंडावर ओरखडे पाडतो आणि कधी कधी अडकूनच बसतो, मग त्यालाच काढायचं नवीन काम.

पाना_१७_१९:
बसवताना एक अडचण जवळपास प्रत्येकाला येते ती आधीच सांगून ठेवतो. नट आवळताना खुंट नटाबरोबरच गोल फिरायला लागतो आणि नट जागचा हलत नाही. अशा वेळी खुंट पक्कडीने धरायला जाऊ नका. खालच्या आर्मखाली जॅक लावून वर उचला म्हणजे टेपर नकलमध्ये रुतेल, मग नट सुरळीत चढतो. टेपर आणि नकलचं भोक दोन्ही कोरडी, स्वच्छ पाहिजेत, तिथे ग्रीस किंवा ऑइल लावायचं नाही. पकड त्या कोरड्या घर्षणातच असते.

टॉर्कला आवळल्यावर पिनेचं भोक नटाच्या खाचेशी जुळलं नाही तर नट पुढे आवळून जुळवायचा, मागे कधीच सोडायचा नाही. आणि पीन नवीनच घ्या.

मागचा_सस्पेन्शनवाला:
थोडं वेगळं सांगतो. वरचे ४ बोल्टवाले सोपे आहेत, पण २२ वर्षांच्या गाडीत वरच्या आर्मचे रबर बुश बघितलेत का? ते फुटलेले असतील तर बुश आणि जॉइंटसकट अख्खा वरचा आर्मच मिळतो, तो बसवा, काम अर्ध्या वेळात होतं. फक्त दोन गोष्टी. आर्म चेसिसला जिथे बसतो तिथे पातळ पट्ट्या म्हणजे शिम असतात किंवा कॅम बोल्ट असतो, कॅम्बर-कॅस्टर (चाकाच्या तिरपेपणाचे कोन) त्यावरच ठरलेलं असतं. शिम पुढच्या बोल्टला किती, मागच्याला किती, मोजून वेगवेगळ्या डब्यात ठेवा, कॅम असेल तर खूण करा. दुसरं, बुशचे बोल्ट आर्म लोंबकळत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. गाडी चाकांवर उभी करून, चार वेळा दाबून बसवून मग आवळायचे. नाहीतर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि वर्षभरात फाटतं.

काही गाड्यांत मूळ वरचा जॉइंट रिव्हेटने ठोकलेला असतो, तिथे ग्राइंडरने रिव्हेटचं डोकं काढून मधून ड्रिल मारावं लागतं आणि नव्या जॉइंटसोबत येणारे बोल्ट लावायचे असतात. ते बोल्ट खास ताकदीचे असतात, डब्यातले कुठलेही लावू नका.

आणि कोणाची गाडी फारच जुनी असेल तर आधी खाली वाकून बघा की बॉल जॉइंट आहे की किंगपिन (नकल जिच्यावर फिरतं ती जाड उभी पीन). लिंकनने १९५२ मध्ये आणि फोर्डने १९५४ मध्ये मोटारींना पुढे बॉल जॉइंट दिले, पण पिकअप आणि ट्रकमध्ये किंगपिन त्यानंतरही कितीतरी वर्षं चालले. त्याचं काम पूर्ण वेगळं, त्यात बुश रीमरने मापात आणावे लागतात.

पिकअपवाला_२२:
मंडळी, काम झालं. दोन दिवस लागले, पहिला पूर्ण दिवस डाव्या बाजूलाच गेला आणि उजवी बाजू दुसऱ्या दिवशी साडेतीन तासांत उरकली.

डावा टेपर काही केल्या सुटत नव्हता. मी घाबरून हळू मारत होतो. मग आटेदार दादांचं वाचलं होतं तसं पलीकडे हातोडा टेकवून पूर्ण ताकदीने मारले, पाचव्या फटक्याला 'टण्' असा आवाज आला आणि आर्म नटावर येऊन अडकला. नट काढून ठेवला असता तर तो सरळ माझ्या हातावर आला असता, हे तेव्हा कळलं.

प्रेस एका ओळखीच्यांकडून आणला. जुना जॉइंट पूर्ण ताणावर पण हलेना, बाजूने दोन फटके दिल्यावर निघाला. बाहेर काढून हातात धरला तर खुंट नुसता गळ्यात अडकवल्यासारखा लोंबत होता, उभा धरला की आपल्या वजनाने एका बाजूला पडायचा. नवा मात्र दोन्ही हातांनी जोर लावून जेमतेम हलतो. जुन्याची वाटी कापून बघितली, गोळीला एका बाजूला खड्डे पडलेत आणि वाटीची कड चंद्रकोरीसारखी खाल्लीय. वर सांगितलंय तसं, ज्या बाजूला वजन ओढतं नेमकी तीच बाजू.

नवा फ्रीझरमधून काढून लगेच लावला, घाम फुटेस्तोवर जोर लागला, म्हणजे भोक चांगलं आहे. सर्क्लिप खाचेत बसली का ते स्क्रू ड्रायव्हरने सगळीकडून फिरवून बघितलं. खुंट फिरायची अडचण उजवीकडे आलीच, जॅकने उचलून धरल्यावर एका मिनिटात नट बसला. वरचे बुश ठीक निघाले म्हणून फक्त जॉइंट बदलले. टॉर्शन बारचा बोल्ट मोजलेल्या लांबीवर परत आणला, पण गाडी खाली ठेवून दोन्ही बाजूंची उंची मोजली तर डावी ६ मिमी खाली दिसतेय.

आवाज गेला. कालच अंगणात पुढे-मागे करून स्टिअरिंग फिरवून बघितलं, कुरकुर नाही, आणि सोडलं की मधोमध येतं. अलाइनमेंट अजून करायचंय. दोन शंका आहेत, ग्रीस किती भरायचं आणि अलाइनमेंट आधी करू की उंची?

आटेदार:
शाब्बास, छान केलंत. उंची आधी. उंची बदलली की कॅम्बर आणि टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असणं) दोन्ही बदलतात, त्यामुळे अलाइनमेंट नंतर. पण उंची मोजायच्या आधी गाडी थोडी चालवून, चार-पाच वेळा पुढून दाबून बसू द्या, टायरमधली हवा दोन्हीकडे सारखी आहे का बघा, आणि मॅन्युअलमध्ये उंची कुठून कुठे मोजायची ते दिलेलं असतं तिथूनच मोजा. मडगार्डच्या कडेवरून मोजलं तर जुन्या गाडीत ५-६ मिमी असंच फसवतं. ॲडजस्टर फिरवताना चाकांवरचा भार काढून फिरवा, नाहीतर बोल्टचे आटे जातील.

ग्रीस_निप्पल:
ग्रीसचं मी सांगतो. निप्पल आधी फडक्याने पुसा, त्यावरची माती गनने आत ढकलू नका. हळू पंप मारत बूटवर बोट ठेवा, बूट जरासं फुगलं की थांबा. ताणून गोल झालं म्हणजे जास्त झालं, ते फाटलं तर सगळी मेहनत परत पाण्यात जाईल. पंप मारताना चाक डावीकडे-उजवीकडे फिरवून घ्या म्हणजे ग्रीस गोळीच्या सगळ्या बाजूंनी जातं. साधं चेसिसचं लिथियम ग्रीस चालतं. पुढे प्रत्येक इंजिन ऑइल बदलताना एक-दोन पंप. निप्पल नसलेले सीलबंद जॉइंट आणले असतील तर काही करायचं नाही, फक्त बूट फाटलं नाही ना ते बघत राहायचं.

पाना_१७_१९:
८०-१०० किलोमीटर झाले की चाकाचे नट टॉर्कला परत तपासा आणि त्याच वेळी खाली वाकून चारही स्प्लिट पिना जागेवर आहेत का, वरच्या जॉइंटचे ४ बोल्ट ढिले नाहीत ना ते बघा. मी बोल्टच्या डोक्यावरून आर्मवर पेंटची एक रेघ मारून ठेवतो, नंतर नुसतं बघून कळतं.

पिकअपवाला_२२:
रेघ आत्ताच मारून आलो. गाडीखालीच होतो, बूट पण बोट ठेवून बघितले, चारही हलके फुगलेत. उद्या सकाळी उंची बघतो आणि मग अलाइनमेंटला जातो, हळूहळू नेईन. जुना डावा जॉइंट टाकून दिलेला नाही, गॅरेजच्या खिडकीत ठेवलाय.